सुनीताने मोजलेला विषाणू

ही गोष्ट मला ठाऊक आहे आणि आमच्या लोखंडी कपाटाला. तिसऱ्या कुणाला पुरती नाही. भावाला सांगितली नाही, जिवाभावाच्या मित्राला नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवी होती तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. वर्गात तास-तास चालणारी माझी जीभ ओळखीच्या माणसासमोर या एका गोष्टीपाशी येते आणि टाळूला चिकटते. कागदावर तरी चालते का, बघू.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. आखाडा बाळापुरात घर आहे, जवळच्याच एका कॉलेजात नोकरी आहे. नावामागे डॉक्टर लागतं, आणि पीएच.डी. काविळीच्या विषाणूवर केलेली, त्यामुळे गावात मी 'काविळीचा डॉक्टर'. बाजाराच्या दिवशी एखादी बाई पिवळ्या डोळ्यांचं लेकरू घेऊन दारात उभी राहते. मी सांगतो, मावशी, मी तो डॉक्टर नाही. मग कशाचे डॉक्टर, असं ती विचारते. मी काविळीच्या विषाणूतली अक्षरं मोजली आहेत, हे तिला कसं सांगणार? मी सरकारी दवाखान्याची वाट दाखवतो, आणि ती काविळीची माळ घालणाऱ्या बुवाकडे जाते. या गोष्टीवर मी वर्गात पोरांना हमखास हसवतो. हसवणं मला चांगलं जमतं.

अक्षरं मोजली, असं म्हणालो. मी मोजली का? — थांबा. ते पुढे येईल. आधी काय मोजायचं होतं ते सांगतो, नाहीतर बाकीचं कळायचं नाही.

विषाणू म्हणजे शेवटी एक लांबच लांब मजकूर. कॉम्प्युटरच्या फाइलीत तो चार अक्षरांत लिहिलेला असतो: ए, टी, जी, सी. त्यातली तीन-तीन अक्षरं मिळून एक गट होतो, त्याला कोडॉन म्हणतात. प्रत्येक कोडॉन म्हणजे आपल्या पेशीला दिलेला हुकूम, की प्रथिनाच्या माळेत आता अमुक मणी ओव. मणी वीसच प्रकारचे, पण कोडॉन चौसष्ट. म्हणजे एकाच मण्यासाठी दोन-दोन, चार-चार, कधी सहा-सहा शब्द. आपल्या बोलण्यात नाही का, कुणी 'का' म्हणतं, कुणी 'कशाला', आणि आमच्याकडे 'काहून' म्हणतात. विचारायचं तेच असतं. पण कोण कुठला शब्द जास्त वापरतो त्यावरून गडी कुठला ते कळतं. विषाणूंचंही असंच आहे. काही कोडॉन त्यांच्या तोंडी सारखे असतात, काही जवळजवळ कधीच नसतात. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीच्या विषाणूचा हा कल तर भलताच टोकाचा. तो तसा का, हे शोधायचं, हा माझा विषय होता.

दोन वर्षं मी त्या 'का'पाशी अडकून पडलो होतो. तक्ते होते, आलेख होते, उत्तर नव्हतं. नांदेडला आमचे गाईड सर प्रत्येक भेटीत तोच प्रश्न विचारायचे आणि मी प्रत्येक भेटीत नवा तक्ता पुढे करायचो. शिवाय सरांचा एक नियम होता. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने फाइल एक अक्षर पुढून वाचायला घेतली होती, त्यामुळे तीन-तीनचा प्रत्येक गट चुकला, आणि सगळा प्रबंध पाण्यात गेला. तेव्हापासून ते म्हणायचे, एक विषाणू तरी हाताने मोजून आणा, मग मी तुमच्या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवीन.

हाताने मोजायचं म्हणजे दोन हजारांवर कोडॉन. मला कंटाळा आला. खरं कारण एवढंच. कॉलेज होतं, पेपर तपासणी होती, आणि मोजदाद हे काही विद्वानाचं काम नव्हे, असं मनात होतं. मी ते पानांचं भेंडोळं सुनीताला दिलं.

सुनीता माझी बायको. सेनगावकडची. दहावी झाली, गणितात शाळेत पहिली आली, आणि दोन वर्षांत लग्न होऊन माझ्या घरी आली. तेव्हा आमची पोरगी तीन वर्षांची होती. दुपारी लाइट नसायची, पोरगी झोपायची, आणि सुनीता दाराच्या उजेडात पानं घेऊन बसायची. तिने काय केलं माहीत आहे? शहाबादी फरशीवर खडूने आठ बाय आठची चौसष्ट घरं आखली, घराघरात कोडॉनची तीन अक्षरं लिहिली, आणि शेजारी पितळी वाटीत तुरीचे दाणे घेतले. छापील पानावर अक्षरं दहा-दहाच्या पुंजक्यात असतात, म्हणून ती पेन्सिलीने दर तीन अक्षरांनंतर तिरपी रेघ मारायची, गट ओठातल्या ओठात वाचायची आणि त्याच्या घरात एक दाणा ठेवायची. पान संपलं की घरं मोजून वहीत बेरीज. एकदा पोरीने उठल्या-उठल्या घरांतून दुडूदुडू फेरी मारली, तेव्हा सुनीताने ते अख्खं पान पहिल्यापासून पुन्हा केलं. मी म्हणालो, अंदाजे टाक की. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. शेवटच्या पानानंतर त्याच दाण्यांच्या घुगऱ्या आम्ही खाल्ल्या. तुरीच्या रूपात का होईना, विषाणू पचवणारा मी एकटाच संशोधक असेन.

बघा, पुन्हा हसवायला लागलो. ही माझी सवय आहे. अवघड जागा आली की विनोद.

तर, त्या शेवटच्या पानांच्या वेळची गोष्ट. मी कॉलेजातून येऊन पाय धूत होतो, आणि ती फरशीवरून न उठताच म्हणाली, "आवो, एक इचारू? हे सी आन् जी शेजारी-शेजारी काहून बसत न्हाईत?"

मी म्हणालो, तेच तर मोजतोय आपण. ज्या कोडॉनमध्ये सी-जी येतात ते आठ कोडॉन विषाणू टाळतो.

"तसं न्हाई. ही आठ घरं रिकामी पडून राहिली ते मला बी दिसतंय. पर हे बगा." तिने पेन्सिलीच्या एका रेघेवर बोट ठेवलं. "हितं माझी रेघ हाय. एक गट सी वर सरला, दुसरा सुरू झाला. तरी बी तिथं जी आला न्हाई. रेघ तर मी मारली ना? त्या दोघांना काय म्हाईत, रेघ कुठं हाय ते?"

मी टॉवेल हातात धरून उभा राहिलो. ती बोलतच होती. तिच्या चुलत्याच्या घरी दोन जावांचं बोलणं बंद होतं. मोठी आधी बसली तर धाकटी तिच्या शेजारी ताट घेत नसे. धाकटी आधी बसली असली तर मोठी खुशाल येऊन टेके, तिचं काही नसे. "पंगत कोन्ती का असंना, मोठीच्या पुढं धाकटी न्हाई म्हंजी न्हाई. तसंच हाय हे. आदी जी आन् मंग सी, हे चालून राहिलंय. आदी सी आन् मंग जी, हे न्हाई. त्यांचं कोन्त्या घराशी वैर न्हाई. त्यांचं एकमेकींशी पटत न्हाई."

तुम्हाला कळलं का, ती काय म्हणाली? मी दोन वर्षं कोडॉनची आवडनिवड शोधत होतो. ती म्हणत होती की आवडनिवड कोडॉनची नाहीच. नकोशी आहे ती शेजारची जोडी, मग ती एका गटाच्या आत असो की दोन गटांच्या मधल्या रेघेवर. ते आठ कोडॉन रिकामे राहतात कारण त्यांच्या पोटात ती जोडी आहे. आणि मला हे दिसलं नव्हतं, कारण माझा कॉम्प्युटर तीन-तीनच्या गटाच्या बाहेर बघतच नव्हता, आणि कॉम्प्युटर जे बघत नव्हता ते मीही बघत नव्हतो. रेघेवर काय आहे हे रेघ मारणाऱ्यालाच दिसणार.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तू फक्त मोज. डोकं लावू नकोस."

मी चहा मागितला, तिने केला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर मी फाइल उघडली, मधल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या आणि सी-जी शोधत गेलो. रेघेवरचे वेगळे मोजले, आतले वेगळे. बोटांवर मोजावेत इतके. मग माणसाला होणाऱ्या आणखी चार रोगांचे विषाणू काढले. कुठे ही नावड कमी होती, कुठे जास्त, पण रेघ ओलांडून जाणारी. आपल्या शरीराच्या स्वतःच्या मजकुरातही ही जोडी कमीच असते, आणि ती फार दिसली की शरीराला परक्याचा वास येतो, हे मी वाचलेलं होतं. पुस्तकात वाचलेलं ते आणि समोर दिसणारं हे, यांची गाठ मात्र मी कधी घातली नव्हती. त्या खोलीत मी एकटाच होतो. आनंद झाला? झाला, खोटं कशाला बोलू. आणि त्याच क्षणी दुसराही विचार आला. हे मला का नाही दिसलं? दहावी झालेल्या, पोळपाट बाजूला सारून बसलेल्या बाईला दिसलं आणि मला नाही?

हेवा म्हणतात त्याला. मी तेव्हा त्याला 'दगदग' असं नाव दिलं आणि घरी येऊन लवकर झोपलो.

प्रबंध त्यानंतर सुसाट गेला. सर खूश. मधल्या प्रकरणाचं नाव बदललं, शेवटच्या प्रकरणाला जीव आला. हा नियम जगात आधीच कुणाकुणाला सापडलेला आहे, हे पुढे वाचताना कळलं, पण आमच्या विभागात, त्या काविळीच्या विषाणूबद्दल, तो माझ्या नावावर मांडला गेला. प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं पान असतं. तिथे मी इंग्रजीत लिहिलं, 'पत्नीच्या सहनशीलतेबद्दल आभारी आहे.' ते मी सुनीताला मराठीत वाचून दाखवलं तेव्हा ती हसली. म्हणाली, "सहन कशाचं? मला तर मज्या आली."

मौखिक परीक्षेला ती आली होती. ती सगळ्यांसाठी खुली असते, आणि परीक्षकांच्या जेवणाचं बघायचं असतं. नवं निळं लुगडं नेसून, मागच्या रांगेत, पोरीला मांडीवर घेऊन बसली. सगळं इंग्रजीत चाललेलं. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे तुम्हाला सुचलं कसं? मी म्हणालो, हाताने मोजलं म्हणून दिसलं, सर. त्यांना ते फार आवडलं. आजकाल हाताने कोण मोजतो, म्हणाले. मग मी दोन जावांची गोष्ट सांगितली, पंगतीतली, मोठीच्या पुढे धाकटी न बसणारी. सभागृह हसलं. इतक्या क्लिष्ट विषयाचं इतकं घरगुती उदाहरण, असं सर नंतर कौतुकाने म्हणाले. मी चोरी करायची तर तिचा शोध चोरायचा ना? तिचा विनोदही सोडला नाही.

परतीच्या एसटीत पोरगी खिडकीला नाक लावून झोपली. सुनीता खुशीत होती. जरा वेळाने म्हणाली, "तुमी त्या सी-जीचं सांगितलं ना? मला वळखू आलं. जावांचं बी सांगितलं, व्हय ना?"

आता इथे एक वाक्य बोलायचं होतं. हो, तुझंच सांगितलं. एवढंच! बस भरलेली होती, पण कुणी ऐकत नव्हतं. मी म्हणालो, "अगं, तो जुनाच मुद्दा आहे. पुस्तकात असतो."

"आसं व्हय," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "मला वाटलं, मला दिसलं."

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. नवऱ्याने बायकोचं श्रेय खाल्लं. नवीन काय त्यात? असे पुष्कळ असतील. मलाही बरीच वर्षं वाटत होतं की माझा गुन्हा एवढाच आहे, आणि एवढ्यावर माणूस स्वतःशी तडजोड करू शकतो. पण मी अजून मूळ गोष्टीपाशी आलेलोच नाही. चार वेळा हे लिहायला बसलो आणि चारही वेळा एसटीपर्यंत येऊन उठलो.

त्याच उन्हाळ्यात सुनीता म्हणाली, मला शिकायचंय. अकरावी सायन्स. तुमच्याच कॉलेजात, पोरींसोबत बसेन, मला लाज नाही. पोरगी बालवाडीत जाईल. सैपाक करून येईन. तिने सगळा विचार केलेला होता. ॲडमिशनचा फॉर्मही शेजारच्या मुलीकडून मागवून भरून ठेवला होता, पेन्सिलीने, चुकलं तर खोडता यावं म्हणून. शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं, तेही तिने विचारून ठेवलेलं. फक्त शाळा सोडल्याचा दाखला राहिला होता. लग्नाच्या गडबडीत तो शाळेतून आणलाच नव्हता. "तुमाला सुट्टी हाय तर तेवढा घेऊन या," म्हणाली. चिठ्ठी लिहून दिली.

आमचं घर कुठलं, ते सांगायला हवं. आम्ही बौद्ध. माझ्या आज्याने दुसऱ्याच्या शेतातल्या आखाड्यावर राबून बापाला शाळेत घातलं, बापाने मला. आमच्याकडे 'शिका' हा शब्द देवाच्या जागी आहे. बाकी काही मोडलं तरी चालतं, तो शब्द मोडत नाहीत. तेव्हा मी नाही कसं म्हणणार? मी नाही म्हणालोच नाही. मी हो म्हणालो आणि दाखला आणायला निघालो.

हिंगोलीला गाडी बदलून सेनगाव, तिथून जीपने तिच्या गावच्या शाळेत. इंगोले गुरुजी हेडमास्तर होते, गणितही तेच शिकवायचे. चिठ्ठी वाचून माणूस उठून उभा राहिला. शिपायाला चहा आणायला पाठवलं. जुनं रजिस्टर स्वतः काढलं, दाखला स्वतःच्या हाताने लिहिला, शिक्का मारला. वर्तणुकीच्या रकान्यात सगळ्यांना 'चांगली' लिहितात, तिला 'उत्तम' लिहिलं. मला म्हणाले, "तिला म्हनावं गनित सोडू नको. आन् जावईबापू, तुमी लई चांगलं काम करून राहिले." मी दाखल्याची घडी करून खिशात ठेवली.

केव्हा ठरवलं, हे मी स्वतःला हजारदा विचारलंय. जीपमध्ये? हिंगोलीच्या स्टँडवर? आठवतं ते एवढंच, की स्टँडवर बसून मी एक हिशेब केला. दोन वर्षांत बारावी. मग बीएस्सी. तिचं डोकं बघता प्रथम श्रेणी. पाच-सहा वर्षांत तिला इंग्रजी प्रबंध वाचता येईल, आणि कुणाचा प्रबंध घरात आहे? ती ते प्रकरण उघडेल. हा मुद्दा कुठल्या पुस्तकातून घेतलाय ते तळटिपांत शोधेल, आणि तिला पुस्तक सापडणार नाही. तिला माझं नाव सापडेल. ही भीती होती. पण ती दुसरी. पहिली त्याहून साधी होती. ती माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात, पहिल्या बाकावर बसून हात वर करेल, आणि जे मला दिसत नाही ते तिला दिसेल, सगळ्यांच्या देखत.

घरी आलो तर ती दारातच होती. मिळाला का? मी म्हणालो, जुनं रजिस्टर सापडत नाही म्हणतात. गुरुजी म्हणाले, बघू.

दाखला माझ्या खिशात होता, छातीला लागून. तिने मला पाणी दिलं. "तुमाला उगाच तकलीफ झाली," म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिने विचारलं, मी 'बघू' म्हणालो. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी शाळेत फोन केल्याचं सांगितलं. केला नव्हता. मग ॲडमिशनची तारीख गेली. तिने तो पेन्सिलीने भरलेला फॉर्म खोडरबराने पुसला आणि कोरा करून शेजारच्या मुलीला परत दिला. पुन्हा तिने शिकण्याचा विषय काढला नाही. दाखला मी प्रबंधाच्या माझ्या प्रतीत ठेवला, त्या मधल्या प्रकरणात, आणि कपाटाला कुलूप लावलं. आजही तो तिथे आहे.

त्यानंतर? काही नाही. संसार. पोरगी मोठी झाली, दहावीचं गणित आईकडून शिकली, आता पुण्याला नोकरी करते. लहानपणी तिने एकदा विचारलं होतं, आई, तू पुढे का नाही शिकलीस? सुनीता भाकरी थापत म्हणाली, "आमच्या गुरुजींनी दाखला हरवला बाई." मी समोर जेवत होतो. मी भाजी मागून घेतली. आणि दर एप्रिलमध्ये जयंतीला विहारासमोर माझं भाषण असतं. मुलींना शिकवा, सुनांना शिकवा, असं मी पोटतिडकीने सांगतो, टाळ्या पडतात. सुनीता बायकांच्या रांगेत बसलेली असते आणि तीही टाळ्या वाजवते. माझा आवाज एकदाही अडखळलेला नाही. याचं मला जास्त भय वाटतं.

इंगोले गुरुजींबद्दल ती वर्षानुवर्षं कडू बोलत आली. ज्या माणसाने तिला गणिताची गोडी लावली, त्याचं नाव निघालं की ती तोंड फिरवायची. मी कधी एका शब्दाने आडवा आलो नाही. तो राग माझ्या सोयीचा होता.

मागच्या उन्हाळ्यात सेनगावला तिच्या भाच्याचं लग्न होतं. मंडपात गुरुजी दिसले. ऐंशीच्या पुढचे, हातात काठी, पण ताठ. लांबून सुनीताला पाहिलं आणि आपणहून चालत आले. "सुनीता ना गं तू?" म्हणाले, आणि तिचा दहावीचा बैठक क्रमांक म्हणून दाखवला. सगळे आकडे. मग विचारलं, "गनित सोडलं तर न्हाई ना?"

ती एरवी मोठ्यांशी मान खाली घालून बोलते. त्या दिवशी मान वर होती. "दाखला दिला असता तर कशाला सोडलं असतं, गुरुजी?"

"दाखला?" त्यांना खरंच कळेना. "आगं, मी सोता लिवून ह्या जावईबापूंच्या हातात दिला की. चहा पाजला यान्ला."

मांडवात बँड वाजत होता. सुनीताने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. मला हसता येतं, हे सांगितलंय मी. मी गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "दुसऱ्या कुणाला दिला असेल, गुरुजी. वय झालं की होतं असं."

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. पस्तीस-चाळीस वर्षं खोटं बोलणारी पोरं वर्गात उभी केलेला माणूस तो. त्यांना कळलं, हे मला कळलं. त्यांनी एकदा सुनीताकडे पाहिलं, तिच्या कपाळावर, तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांवर त्यांची नजर फिरली, आणि मग ते हळू म्हणाले, "आसंल बाबा. वय झालं खरं. माझ्याच्यानंच हारपला आसंल. माफ कर, पोरी."

त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. ऐंशीच्या पुढच्या माणसाने. मी उभा होतो तिथेच उभा राहिलो.

परत येताना मी गाडी चालवत होतो. हिंगोली मागे पडली. मग सुनीता खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "बैठक क्रमांक बराबर सांगितला त्यांनी. येक आकडा चुकला न्हाई."

मी गाडी चालवत राहिलो. त्यानंतर तिने त्यातलं काही काढलं नाही. या गोष्टीला वर्ष होत आलं. सी आणि जी शेजारी बसत नाहीत, हे तिने पाहिलं होतं, मी नाही. रजिस्टर सापडलं होतं. दाखला गुरुजींनी माझ्या हातात दिला होता, आणि त्यांना सगळं नीट आठवत होतं.